खोपोली ते भिसेगाव, निरोपाविना

गाडी बोरघाट उतरली आणि खोपोलीकडं न वळता सरळ पुढं निघाली, तेव्हा मी जागेवरून उठले.

"मास्तर, खोपोली राहिली की!"

"ही आत जात नाही ताई. पाटी नाही वाचली?"

हे मला लागलं. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. गावातल्या निम्म्या माणसांचे फॉर्म मी भरलेत, पाट्या वाचून म्हाताऱ्यांना एसटीत बसवून दिलंय. आणि आज खिडकीची जागा दिसली म्हणून न वाचता चढले. खरं सांगायचं तर लक्ष ठिकाणावर नव्हतं. पुण्याहून गाव दोन तासांवर, पण मी दीड वर्षानं निघाले होते.

मास्तरनं खालापूरच्या टोलनाक्याला उतरवलं. खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात भाचीसाठी घेतलेलं अंगडं-टोपडं. ट्रक गेला की ओढणी तोंडावर यायची. जानेवारीचं ऊन होतं. भात कापून झालेली खाचरं (भाताची लहान शेतं) लांबून नुसती वाळकी दिसतात. जवळ गेलं की त्यांत वालाचे हिरवे पट्टे दिसतात. भातामागं जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतो, त्याला वेगळं पाणी घालावं लागत नाही. पुण्यात मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज दुसऱ्यांच्या शेतातली माती बाटलीत घालून हलवते. आमच्या शेतातली कधीच तपासली नाही, हे मला तिथं रस्त्याच्या कडेला उभी असताना सुचलं.

रिक्षा मिळाली. साजगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव.

"कुनाच्यात जायाचं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"वरच्या आळीत."

त्यानं आरशातून नीट पाहिलं. "क्रेनवाल्या काकांची पोरगी ना तुमी? माज्या बापाचं रेशनकार्ड तुमी केलतं. शाळेच्या ड्रेसवर तहसीलला आलेलात."

"हो, मीच ती."

"लय हुशार. तुमचा भाव विजू तर भिसेगावला गेला ना ऱ्हायाला? म्हातारा बोलत नाय म्हनं त्याच्याशी." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या घरातलं काय खरं नाय." एवढ्यात समोर गुरं आडवी आली आणि त्याला ब्रेक दाबावा लागला.

घरातलं काय खरं आहे ते इथंच सांगून टाकते.

बाबा साजगावच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. वजन उचलायच्या आधी दोर तीनदा ओढायचा आणि मग गाठीवर तळवा ठेवून क्षणभर थांबायचं, ही त्यांची रीत. विहिरीचा पोहरा असो नाहीतर आमचा झोपाळा, तीनदा ओढल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. पण आई आणि ते एकमेकांशी बोलत नसत. कशावरून बिनसलं ते माझ्या आठवणीच्या आधीचं. एकाच चुलीवरचं जेवायचे, आणि मधे मी. "सांग तुज्या बापाला, जेवन वाढलंय." "सांग तुज्या आयेला, भूक नाय." सहा-सात वर्षांची असल्यापासून मी हे केलं. निरोप आहे तसा पोचवला तर आत भांडी आपटतात, हे मला लवकर कळलं. मग मी वाटेत निरोप बदलायला शिकले. 'भूक नाय'चं 'थोड्या वेळानं जेवतो म्हणाले' करायचं. ओटीपासून चुलीपर्यंत बारा पावलं. त्या बारा पावलांत मी मोठी झाले. लोक म्हणायचे, पोर किती समजूतदार.

नोकरी लागल्यावर मला झोप येईना, तेव्हा पुण्यात एका समुपदेशक बाईंकडं जायला लागले. घरी त्यांना 'डोक्याची डॉक्टर' म्हणतात, म्हणोत. बाईंनी एकदा विचारलं, "या सगळ्या निरोपांत तुमचा स्वतःचा एखादा होता का?" मी तासभर आठवत बसले. एकही आठवला नाही. यापुढं कुणाचं बोलणं कुणाकडं न्यायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

आणि नेमका त्याच महिन्यात विजूचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो माथेरानला हॉटेलात कामाला. कर्जतहून जायला-यायला सोपं म्हणून त्यानं भिसेगावात दोन खोल्या घेतल्या होत्या. "ताई, बाबांना तू सांग ना. तुझं ऐकतात."

"तुझं तू सांग," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानं सांगितलं नाही. ठरल्या दिवशी टेंपो दारात आला. बाबा शेतावरून आले आणि ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "कुनाचं सामान हाय रं?" ड्रायव्हर म्हणाला, "तुमचंच की काका." त्याला दीड वर्ष झालं, त्या दिवसापासून बाबा विजूशी बोलले नाहीत. त्याचं लेकरू झालं तरी गेले नाहीत. आता त्या लेकराचं बारसं होतं. आईनं फोनवर बजावलं होतं, "या बारीला त्यांना घेऊनच भिसेगावला जायाचं. मागं तू सांगितलं असतंस तर घर फुटलं नसतं."

म्हणजे मी ऐकलं तर पुन्हा सहा वर्षांची, आणि नाही ऐकलं तर आजोबांविना नातीचं बारसं. एवढं घेऊन मी रिक्षातून उतरले.

ओटीवर बाबा पाळण्याला खोबरेल तेल लावत होते. आमचाच पाळणा, मी आणि विजू ज्यात निजलो तो. माळ्यावरून त्यांनी एकट्यानं उतरवला होता. जुनी दोरी सोडून उकिरड्यावर टाकली होती.

"आलीस?" ते म्हणाले.

"आले. मोठ्या गाडीनं टोलनाक्याला सोडलं."

"पाटी वाचायची." आणि पुन्हा तेल लावू लागले.

दुपार कलल्यावर मागच्या खाचरात पोपटी लावली. आमच्याकडं हिवाळ्यात पाहुणा आला की पोपटी (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून वर जाळ करतात) लागतेच. बाबांनी मडक्याच्या तळाला पाला घातला, शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला दाबून तोंड बंद केलं, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. आई एका बांधावर, बाबा दुसऱ्या. मधे मी, आणि मनी नावाचं मांजर.

"मने," आई म्हणाली, "सांग त्यांना, जाळ कमी झाला."

"मने," बाबा म्हणाले, "सांग तिला, मला दिसतंय."

मनी पंजा चाटत होती. मला आधी कळलंच नाही, मग एकदम हसू फुटलं. माझी जागा मांजरानं घेतली होती! आणि मनी माझ्यापेक्षा काम चोख करत होती. वाटेत एक शब्द बदलत नव्हती. मी हसत होते आणि ते दोघं माझ्याकडं बघत होते. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. माणसांत बसून एवढं एकटं मला क्वचित वाटलंय.

"दात काय काढतेस? तू तरी सांग, करपंल म्हनून," आई म्हणाली.

"आई, ते चार हातांवर बसलेत."

पेंढा तडतडला. बाबांनी काठीनं मडकं आडवं केलं, पाटावर शेंगा ओतल्या. भांबुर्ड्याचा उग्र वास, आत नरम झालेला दाणा, बोटांना राख. पुण्यात कुठं पोपटीची पार्टी असते म्हणतात. मी जात नाही. तिथं कुणी गप्प बसत नसेल, आणि पोपटीला मला ती गप्प बसण्याची चव लागते, सवय वाईट.

आत गेल्यावर आईनं चुलीपाशी गाठलंच. "उद्या त्यांना आनशील ना?"

"मी जातेय एवढं सांगेन. येता का म्हणून विचारेन. पुढचं त्यांचं."

"एवढी शिकलीस आन् दोन शब्द बोलायला जड झाली जीभ?"

मी ताट घासत राहिले.

सकाळी आळीतल्या बायकांनी टेंपो ठरवला होता. घुगऱ्यांचं पातेलं, सुपं, आणि पाळणा. चढवताना बाबा पुढं झाले, "हळू, खूर मोडंल," म्हणत त्यांनी पाळण्याची एक बाजू धरली आणि मग कुणाकडं न बघता घरात गेले. आई टेंपोत बसता बसता माझा दंड दाबून गेली. त्या दाबण्याचा अर्थ मला सांगायला लागत नाही.

घरात मी आणि बाबा उरलो.

"बाबा, मी दहाच्या गाडीनं निघतेय. तुम्हाला यायचं असेल तर दोघं जाऊ."

"मला कुनी बोलावलंय?"

"ते मला माहीत नाही. हे मी माझं विचारतेय."

त्यांनी बराच वेळ खुंटीवरच्या शर्टाकडं पाहिलं. मग तो अंगात घातला. "चल," ते म्हणाले, "ष्टँडवर सोडतो."

स्कूटरवर मी त्यांच्या पाठीमागं बसले. शाळेत सोडायचे तेव्हाही असंच: पाठ दिसायची, चेहरा नाही. खोपोलीच्या स्टँडवर त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली, कर्जतच्या गाडीत बसवलं आणि खिडकीखाली उभे राहिले. ड्रायव्हर चढला. तेव्हा ते बोलले.

"सांग त्याला, दोरी बघून घे म्हनावं. नायलॉनची असंल तर गाठ सरकते."

'सांगते' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तीस वर्षांची सवय. आणि निरोपही कसला? दीड वर्षातला पहिला, आणि मायेचा. हा नेला असता तर विजू रडला असता, आईनं मला जवळ घेतलं असतं. सगळं घर म्हणालं असतं, ताईनं जोडलं.

"बाबा," मी म्हणाले, "त्याचा नंबर तुमच्याकडं आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "लय शिकलीस तू," ते म्हणाले. कौतुक नव्हतं ते. गाडी हलली. वळणापर्यंत ते मला दिसत होते, एक हात स्कूटरच्या ब्रेकवर, जणू ती पळून जाणार होती.

शेंगदाण्याची पुडी हातात तशीच राहिली. शेजारी एक ठाकर बाई येऊन बसली, मांडीवर करांद्यांची (रानातल्या कंदाची) पाटी. पळसदरीच्या अलीकडं तिनं एक चुरगळलेला कागद माझ्यापुढं धरला. "लाव गं बाय येक फोन. पोराला सांग, आई कर्जतला उतरतेय, न्यायला ये."

मी नंबर लावला आणि फोन तिच्या कानाला धरला. "तुम्हीच बोला मावशी."

"मी? मना नाय येत."

"येतं. बोला."

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ड्रायव्हरनं मागं पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "आजी, फोन कशाला लावलास? तुजा आवाज असाच कर्जतला गेला असता." सगळी गाडी हसली, आजी सगळ्यांत जास्त. तिनं मला मूठभर करांदे दिले. माझ्याकडं पिशवीत जागा नव्हती, अंगड्या-टोपड्याच्या बाजूला कोंबले.

कर्जत स्टेशनाच्या पलीकडं भिसेगाव. विजूच्या दारात चपलांचा ढीग होता, आत बायकांचा कलकलाट. आईनं माझ्या मागं पाहिलं, मागं कुणी नव्हतं, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी अंगडं-टोपडं कागदातून काढून वहिनीला दिलं, तिनं लेकरू माझ्या हातात दिलं. आमची रेवा. अजून रेवा झाली नव्हती. डोळे मिटून जांभई दिली तिनं.

पाळणा खोलीच्या मधोमध टांगला होता. छताच्या कडीला निळी, चकचकीत नायलॉनची दोरी.

मी ठरवून काही केलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. लेकरू वहिनीकडं दिलं, पाळण्यापाशी गेले आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. मग गाठीवर तळवा ठेवला. गाठ बोटभर सरकली होती.

"विजू, ही गाठ सुटतेय."

तो ताट घेऊन चालला होता, थांबला. माझ्या तळव्याकडं बघत राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"मी बघितली."

"बाबा असंच करतात." आवाज खाली आला. "ते काही बोलले?"

"त्यांना विचार."

"ताई, तू पण ना... एवढं सांगायला काय जातं तुझं?"

काय जातं हे मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर बाईंकडं इतकी वर्षं कशाला गेले असते? मी उलट विचारलं, "तू त्यांना बोलावलंस?"

"आईला सांगितलं होतं की!"

"मग तिनं मनीला सांगितलं असेल."

तो हसला. मग त्याचा चेहराच पडला. त्यानं गाठ सोडून पुन्हा मारली, मी ओढली, पुन्हा सरकली. बायका ओरडायला लागल्या, "अरं आटपा, पोरगी भुकेजली." विजूनं घाम पुसला. "तुला येते का ही गाठ?"

"नाही."

मला येत नव्हतीच. बाबांनी कधी शिकवली नाही, मी कधी विचारलं नाही. विजू गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं. खोलीतल्या बायकांना वाटलं दुकानात गेला असेल.

तो परत आला तेव्हा मान वाकडी करून फोन खांद्यात दाबलेला आणि दोन्ही हात मोकळे. स्टुलावर चढला.

"हां... खालून काढली... मग दुसरा वेढा? ... नाय, उलटा नाय... हां बाबा. हां."

खोलीतला कलकलाट थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात झारा तसाच. विजूनं दोरी तीनदा ओढली. गाठ जागची हलली नाही. तो फोनमध्ये म्हणाला, "बसली." पलीकडून काय आलं कुणाला ऐकू आलं नाही. क्षमा, राग, असलं काही त्यात असेल असं मला वाटत नाही. वेढ्याविषयीच असेल.

पुढचं बारसं बारशासारखं झालं. आधी वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून-वरून फिरवला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मग लेकरू. मी आत्या, वाकून तिच्या कानात "रेवा" म्हणाले, आणि रिवाजाप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. एकीनं जरा जास्तच जोरात घातला. "शिकलेल्या आत्येला दोन जास्त!" ती म्हणाली. धपाटे चुकवायला मी खाली वाकले ती वर आलेच नाही थोडा वेळ; डोळे पुसायला तेवढीच जागा होती.

जेवण झाल्यावर मी निघाले. विजूचा फोन पुन्हा वाजला होता, तो "हां बाबा, नाव रेवा," म्हणत गॅलरीत उभा होता. मला त्यानं हात केला. आईनं घुगऱ्यांची पुडी दिली. यावेळी तिनं दंड दाबला नाही. टेंपोवाला घाई करत होता. स्टेशनवर सोडायला कुणी आलं नाही. यावं असं मी म्हटलंही नव्हतं.

कर्जतला पुण्याच्या गाडीला मागून इंजिन जोडेपर्यंत वेळ असतो. मी एक वडापाव घेऊन बाकावर बसले. घाट चढताना खालची खाचरं लहान होत गेली, वालाचे हिरवे पट्टे, मग नुसता डोंगर. बरं होणं असंही असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी हातातलं ओझं उतरतं. मग ते हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही. मी ते मांडीवर ठेवले. पिशवीतल्या करांद्यांची माती टोपड्याच्या रिकाम्या कागदाला लागली होती. चांगली तांबूस माती होती. थोडी चिमटीत घेऊन रुमालात बांधली, तपासायला.

खोलीवर पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आमच्याकडं पोचल्याचा फोन करायचा असतो. बाबांना लावला, दुसऱ्या कॉलवर. विजूला लावला, तोही दुसऱ्या कॉलवर. दोघं कुठं बोलत असतील ते कळायला पदवी लागत नाही. "पोचले," मी खोलीला सांगितलं, आणि उभ्यानंच घुगऱ्या खाल्ल्या.

मग आईचा फोन आला.

"पोचलीस का?"

"पोचले. बाबा काय...?" मी जीभ चावली.

"बोलतायत त्याच्याशी. चालूच हाय."

"बरं."

एरवी इथून पुढं तिचा निरोप सुरू व्हायचा: त्यांना सांग, त्याला सांग. आज तिच्याकडं सांगायला कुणाचं काही नव्हतं, आणि माझ्याकडंही. आम्ही दोघी एकमेकींशी काय बोलतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"मनी काय करतेय?" मी विचारलं.

"बसलीय. काम नाय तिला." आणि थोडं थांबून, "तू? तू काय करतेस?"

"घुगऱ्या खाल्ल्या."

"मीठ जास्त झालंय का गं?"

"थोडं."

"मला वाटलंच," आई म्हणाली. फोन कुणीच ठेवला नाही.